आधी पाठ बघा, मग चिकटवा

(कारच्या आतले तुटलेले प्लास्टिकचे भाग कसे जोडावेत, आणि कुठले जोडू नयेत)

कारचं इंजिन बिघडलं तर आपण मेकॅनिककडे जातो. टायर बसला तर पंक्चरवाल्याकडे. पण ग्लोव्ह बॉक्सचं झाकण निखळलं, एसीच्या जाळीची पट्टी मोडली, दाराचं पॅनेल एका कोपऱ्यातून सुटून खडखडायला लागलं, तर आपण कुठे जातो? कुठेच नाही. आपण फेविक्विक आणतो!

चार दिवस सगळं छान. पाचव्या दिवशी तो भाग पुन्हा हातात येतो. मग एम-सील, मग सेलोटेप, आणि शेवटी दोन बोटांत मावणारी पुठ्ठ्याची घडी. विश्वास बसत नसेल तर कुठल्याही पार्किंगमध्ये चार जुन्या गाड्यांच्या काचेतून आत डोकावून बघा.

गंमत म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आपण सेकंड इयरलाच शिकलेलो असतो. थर्मोप्लास्टिक, अमॉर्फस, क्रिस्टलाइन, ग्लास ट्रान्झिशन हे सगळं आपण पाठ करतो, पेपरात ओततो आणि विसरतो. या लेखात तेच ज्ञान हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन वापरायचं आहे. सगळ्या लेखाचं सार दोन प्रश्नांत आहे. तुटलेला भाग कशाचा आहे? आणि तो तिथे बसून नेमकं काय काम करतो? या दोन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय ट्यूबचं टोपण उघडायचं नाही.

नखाएवढा तुकडा, हातभर पॅनेल

कारच्या आतल्या प्लास्टिकच्या आवरणाला ट्रिम म्हणतात. ट्रिममध्ये मोडतं काय? बहुतेक वेळा नखाएवढी एक जीभ, एक खाच, नाहीतर स्क्रू बसतो ती पोकळ खुंटी. पण दुकानात ती जीभ सुटी मिळत नाही. घ्यायचं तर अख्खं पॅनेल. जुन्या मॉडेलचं असेल तर तेही मिळेलच असं नाही, आणि मिळालं तर रंग जुळत नाही.

मग चांगलं हातभर प्लास्टिक कचऱ्यात जातं, तेही एका जिभेसाठी. वस्तू दुरुस्त करून वापरण्याचा ग्राहकाचा हक्क, ज्याला 'राइट टू रिपेअर' म्हणतात, त्यावर केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. तिच्या विषयांत शेतीची अवजारं, मोबाइल आणि घरगुती उपकरणांबरोबर मोटारीही होत्या. पण हक्क मिळाला तरी दुरुस्ती कशी करायची हे माहीत हवंच ना!

पाठीवरची अक्षरं

भाग काढलात की तो उलटा करा. पाठीवर बारीक उठावाची अक्षरं दिसतील, दोन टोकदार कंसांच्या मध्ये. प्लास्टिकचे भाग असे ओळखण्यासाठी ठरलेली आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. पुढे रिसायकल करणाऱ्याला कळावं म्हणून ती अक्षरं असतात, पण आपल्यालाही तेवढीच उपयोगी पडतात. कारच्या आत मुख्यतः पुढची मंडळी भेटतात.

पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. दाराची पॅनेलं, खांबांवरची आवरणं, डॅशबोर्डचे मोठे भाग, डिकीच्या आतले पत्रे. नुसतं पीपी क्वचित असतं. त्यात रबर आणि टाल्क मिसळलेलं असतं. नावापुढे 'टी' किंवा 'टीडी' आणि २० असा आकडा असेल तर २० टक्के टाल्क. हो, पावडरच्या डब्यातलंच खनिज!

एबीएस म्हणजे ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरिन. मीटरभोवतीची चौकट, म्युझिक सिस्टिमभोवतीची पट्टी, चकचकीत किंवा क्रोम केलेले भाग. त्याचा भाऊ म्हणजे पीसी आणि एबीएसचं मिश्रण. जिथे जास्त उष्णता किंवा धक्के सोसायचे तिथे ते असतं.

पीए म्हणजे नायलॉन. दांडे, हँडलच्या आतले भाग, काही क्लिप. नावापुढे 'जीएफ ३०' असेल तर त्यात ३० टक्के काचेचे तंतू आहेत.

पीओएम म्हणजे ॲसिटाल. पांढऱ्या किंवा रंगीत, गुळगुळीत, बटणासारख्या क्लिप आणि लहान गिअर.

पहिल्या दोघांची दुरुस्ती घरी होऊ शकते. नायलॉनची कष्टाने होते. ॲसिटालला जवळजवळ काहीच चिकटत नाही, आणि जास्त तापवलं तर त्यातून फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. त्यामुळे त्याच्या वाटेला जाऊ नका. अशा क्लिप सुट्या मिळतात, स्वस्तही असतात. जुनी क्लिप नमुना म्हणून खिशात टाका आणि स्पेअरच्या दुकानात दाखवा.

अक्षरं नसतील तर

पुष्कळदा मोडलेल्या तुकड्यावर अक्षरं नेमकी नसतात. अशा वेळी कान साफ करायच्या काडीला थोडं ॲसिटोन लावून भागाच्या पाठीवर, न दिसणाऱ्या जागी टेकवा. जागा चिकट झाली, काडीला रंग लागला, तर ते एबीएस किंवा त्याचा भाऊ. काहीच झालं नाही तर पीपी, नायलॉन किंवा ॲसिटाल. पीपीवर नखाने ओरखडा सहज पडतो आणि स्पर्श मेणासारखा लागतो.

अनेकजण पाण्याची परीक्षा सांगतात. तुकडा तरंगला तर पीपी, बुडाला तर दुसरं काहीतरी. शुद्ध पीपीची घनता सुमारे ०.९०५, म्हणजे तो तरंगणारच. पण टाल्कची घनता सुमारे २.७५. वजनाने २० टक्के टाल्क घातला तर मिश्रणाची घनता किती? एक भागिले (०.८ ÷ ०.९०५ + ०.२ ÷ २.७५). उत्तर येतं साधारण १.०४५. म्हणजे बुडाला! आणि एबीएसची घनताही १.०५ च्या आसपासच. तेव्हा तरंगलेला तुकडा पीपी म्हणायला हरकत नाही, पण बुडालेल्या तुकड्यावरून निष्कर्ष काढू नका. जाळून बघायची परीक्षाही पुस्तकात असते. ती हॉस्टेलच्या खोलीत करू नये हे वेगळं सांगायला नकोच.

फेविक्विक पीपीला का धरत नाही?

चिकटणारा द्रव आधी पृष्ठभागावर नीट पसरायला हवा. त्यासाठी पृष्ठभागाची ऊर्जा पुरेशी लागते. पीपीची साधारण ३० मिलिन्यूटन प्रति मीटर, एबीएसची ४० च्या आसपास. पाण्याचा पृष्ठताण ७२. म्हणूनच पीपीवर पाण्याचा थेंब मोत्यासारखा गोल बसतो. दुसरं म्हणजे पीपीच्या साखळीत फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतात. गोंदाने पकडावा असा एकही ध्रुवीय गट तिथे नाही. तिसरं, सामान्य तापमानाला पीपीला विरघळवेल असा द्रावक आपल्या हाताशी नसतो. ॲसिडच्या बाटल्या पीपीच्या चालतात त्या याच गुणामुळे. म्हणजे जो गुण बाटलीत वरदान, तोच दुरुस्तीत शाप!

पीपीसाठी वेगळा प्रायमर मिळतो. तो आधी लावला तर फेविक्विकच्या जातीचे, म्हणजे सायनोॲक्रिलेट गोंद बऱ्यापैकी धरतात. पण हे गोंद घट्ट झाल्यावर ठिसूळ होतात. सरळ ओढ सोसतात, सोलणं आणि धक्का सोसत नाहीत. आणि दाराचं पॅनेल तर दिवसातून दहादा आदळतं.

उन्हात उभी गाडी

आता उष्णता. ॲरिझोनात केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. कडक उन्हाळ्यात तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी १५७ अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे ६९ अंश सेल्सिअसला पोहोचले. विदर्भातल्या मे महिन्याची कल्पना असलेल्यांना यात आश्चर्य वाटणार नाही.

एबीएस साधारण १०५ अंशांना मऊ पडतं आणि पीपी १६० अंशांच्या पुढे वितळतं. त्यामुळे मूळ भागाला ६९ अंशांनी काही होत नाही. पण क्राफ्टच्या कामाला वापरतो तो हॉट ग्लू एवढ्या तापमानाला ढिला पडतो. खोलीतच घट्ट होणारी साधी इपॉक्सीसुद्धा ६०-७० अंशांना बरीच ताकद गमावते. संध्याकाळी हॉस्टेलच्या व्हरांड्यात पक्का वाटलेला जोड दुपारी पार्किंगमध्ये सुटतो तो यामुळे. म्हणून डॅशबोर्डच्या वरच्या भागासाठी नियम असा, की शक्य असेल तिथे गोंद नको, प्लास्टिकला प्लास्टिकच जोडायचं.

एबीएस : ॲसिटोनची लापशी

एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळतं, आणि हाच त्याच्या दुरुस्तीचा मार्ग आहे. त्याच भागाच्या पाठीवरची एखादी बिनकामाची कड कापा किंवा भंगारातल्या एबीएसचे बारीक तुकडे करा. काचेच्या लहान बाटलीत तुकडे टाका, ते जेमतेम बुडतील एवढं ॲसिटोन ओता, झाकण लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी लापशीसारखा दाट पदार्थ तयार होतो. त्याच भागाचं प्लास्टिक वापरलं असेल तर रंगही आपोआप जुळतो. ॲसिटोन केमिकलच्या दुकानातून घ्या. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये पाणी, तेल, सुगंध असतो, आणि काहींमध्ये तर ॲसिटोनच नसतं.

मोडलेल्या दोन्ही कडा साबणाने धुऊन कोरड्या करा. डॅशबोर्डचं पॉलिश तसंच राहिलं तर कुठलाच जोड धरत नाही. क्रोम केलेला भाग असेल तर जोडाच्या जागचं क्रोम खरवडून खालचं प्लास्टिक उघडं करा. कडांना नुसतं ॲसिटोन लावून त्या किंचित मऊ होऊ द्या, मग लापशी लावून दाबून धरा. पाठीमागून आणखी एक थर द्या आणि त्यात बारीक स्टीलची जाळी किंवा सुती कापडाची पट्टी बसवा. दर्शनी बाजूला थेंबही सांडू देऊ नका, कारण पुसायला गेलात की चकाकी गेलीच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घाई नको. वरून तासाभरात कोरडं दिसतं, पण आतलं ॲसिटोन बाहेर पडायला वेळ लागतो. निदान एक पूर्ण दिवस, जाड थर असेल तर दोन दिवस. पीसीच्या मिश्रणावर ॲसिटोन जपून वापरा. पॉलिकार्बोनेटला त्याने बारीक तडे जाऊ शकतात. तिथे कडा पॉलिश पेपरने घासून सावकाश घट्ट होणारी इपॉक्सी आणि मागून आधारपट्टी हा मार्ग बरा.

आणि हो, ॲसिटोनची वाफ भयंकर ज्वालाग्राही असते. खिडक्या उघड्या हव्यात. मॅगी शिजवायची इलेक्ट्रिक शेगडी, अगरबत्ती, सिगारेट यांतलं काहीही आसपास नको.

पीपी : वेल्डिंग, पण बेताने

पीपीला वितळवूनच जोडायचं. वर्कशॉपमध्ये हॉट एअर गन असेल तर उत्तम, नाहीतर २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न चालतं. क्रम असा.

पहिलं, चिरेचं टोक शोधा आणि तिथे दोन-तीन मिलिमीटरचं भोक पाडा. चिरेच्या अणकुचीदार टोकाशी स्ट्रेस एकवटतो. भोकाने ते टोक गोल होतं आणि चीर पुढे सरकायची थांबते. फ्रॅक्चर मेकॅनिक्सचं एक अख्खं प्रकरण या एका भोकात आहे!

दुसरं, पाठीमागून चिरेच्या लांबीभर व्ही आकाराची खाच करा, जाडीच्या निम्म्यापर्यंत.

तिसरं, खाचेत त्याच जातीचं प्लास्टिक वितळवून भरा. पीपीला पीपीच. एबीएसची पट्टी पीपीत वितळवली तर ती मिसळत नाही, नुसती बसून राहते आणि थंड झाल्यावर सोलून निघते. बाटल्यांची बरीच झाकणं पीपीची असतात, पण त्रिकोणातला ५ आकडा बघून घ्या. २ असेल तर ते एचडीपीई.

चौथं, चिरेला आडवी अशी स्टीलची बारीक जाळी ठेवून आयर्नने ती प्लास्टिकच्या आत दाबा आणि वरून पातळ थर द्या. जोडाची खरी ताकद इथून येते. काँक्रीटमधल्या सळईसारखंच.

आयर्नचं टोक तीनशे अंशांच्याही वर जातं. एका जागी जास्त वेळ टेकवलं तर पीपी पिवळं पडतं, धूर येतो आणि साखळ्या तुटून ते ठिसूळ होतं. तेव्हा टेकवा, सरकवा, उचला. धूर दिसला म्हणजे काम बिघडतंय असं समजा. रेक्झिनचं आवरण असेल तर ते आधी बाजूला करा. ते बहुधा पीव्हीसी असतं, आणि तापलं की हायड्रोजन क्लोराइड सोडतं.

स्क्रूची खुंटी

दाराच्या पॅनेलला आतून पोकळ खुंट्या असतात, त्यांत स्क्रू बसतात. ड्रॉइंगच्या भाषेत बॉस. या उभ्या चिरतात. कारण सोपं आहे. स्क्रू आत जाताना खुंटीला बाहेर ढकलतो आणि हूप स्ट्रेस येतो, आपल्या पातळ सिलिंडरच्या गणितातला. त्यात स्क्रू दरवेळी नवे आटे पाडत गेला तर खुंटी लवकरच हार मानते.

दुरुस्ती करताना आधी खुंटीच्या जातीप्रमाणे चीर लापशीने किंवा आयर्नने बुजवा. मग बाहेरून तांब्याच्या तारेचे चार-पाच घट्ट वेढे द्या किंवा बेताच्या मापाची धातूची नळी चढवा. हूप स्ट्रेस आता धातू घेईल. स्क्रू परत बसवताना तो आधी उलटा फिरवा. एका क्षणी 'टक्' असा हलका धक्का जाणवतो, म्हणजे स्क्रू जुन्या आट्यात उतरला. मग सुलटा फिरवा आणि बोटांच्या जोरावरच थांबा. ही युक्ती कुठल्याही प्लास्टिकला लागू आहे, अगदी तुमच्या टेबल फॅनलासुद्धा.

क्लिपचं छोटं गणित

बहुतेक लोक जिभेसारखी क्लिप मोडली की ती जोडून वर भरपूर एम-सील थापतात. जाड म्हणजे मजबूत, अशी आपली समजूत. इथेच 'तो भाग काय काम करतो' हा दुसरा प्रश्न येतो. क्लिपचं काम ताठ राहणं नाही, तर वाकून परत येणं आहे. ती एक कँटिलिव्हर बीम आहे. टोक ठरावीक अंतर वाकलं तर मुळाशी येणारा स्ट्रेन असा :

स्ट्रेन = (३ × जाडी × वाक) ÷ (२ × लांबी × लांबी)

समजा क्लिप १२ मिलिमीटर लांब, २ मिलिमीटर जाड, आणि आत शिरताना १.२ मिलिमीटर वाकते. स्ट्रेन येतो २.५ टक्के. एबीएस साधारण दोन-तीन टक्क्यांना यील्ड होतं, म्हणजे मुळातच काठावरचं काम. आता थापाथापीने जाडी ३ मिलिमीटर केली तर स्ट्रेन ३.७५ टक्के. त्यात मुळाशी ३ मिलिमीटरपर्यंत पुटी भरल्यामुळे मोकळी लांबी ९ उरली, तर स्ट्रेन जवळजवळ ६.७ टक्के. शिवाय लागणारा जोर जाडीच्या घनात वाढतो आणि लांबीच्या घनात घटतो, म्हणजे तेवढंच वाकवायला आठपट जोर! क्लिप 'मजबूत' केली म्हणून ती पहिल्याच दाबात मोडते, आणि दोष गोंदाला लागतो.

मग करायचं काय? जाडी मूळचीच ठेवा. मुळाशी आतल्या कोपऱ्याला लहानसा गोलवा द्या, कारण काटकोनी कोपऱ्यात स्ट्रेस एकवटतो. आकड्याची उंची कानशीने निम्मी करा. वाक ०.६ झाला की स्ट्रेन १.२५ टक्क्यांवर येतो. पकड कमी होईल, ती भरून काढायला न दिसणाऱ्या जागी दुहेरी फोम टेप किंवा वेल्क्रो लावा. वर्षातून एकदा उघडायचं पॅनेल असेल तर सरळ एक लहान स्क्रू द्या. क्लिपचा हट्ट कशाला?

पॅनेल काढतानाही हेच गणित लक्षात ठेवा. एका टोकाला धरून ओढू नका. जिथे क्लिप आहे त्याच्या अगदी जवळ जुनं एटीएम कार्ड किंवा प्लास्टिकची पट्टी घालून एकेक क्लिप सोडवा.

थ्रीडी प्रिंटर आहे ना!

काहीजण म्हणतील, जोडत कशाला बसायचं, नवीन भाग प्रिंट करू. जरूर करा, पण दोन गोष्टी सांभाळा. प्रिंटरमध्ये सर्रास वापरतात ते पीएलए ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. वरचा ६९ चा आकडा आठवा. पीएलएची एसी जाळी मे महिन्यात मेणबत्तीसारखी वाकेल. एबीएस किंवा एएसए वापरा. दुसरं, प्रिंटचे थर एकमेकांपासून सुटू शकतात. क्लिप आडवी ठेवून प्रिंट करा, म्हणजे थर जिभेच्या लांबीने जातील. उभी प्रिंट केली तर पहिल्याच वाकात थर सुटेल. आणि एबीएसचे उरलेले तुकडे टाकून देऊ नका, लापशीला लागतील.

जिथे हात लावायचा नाही

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. गेल्या सुट्टीत मी मामाच्या जुन्या हॅचबॅकची मीटरभोवतीची चौकट आणि दाराची एक खुंटी वर सांगितल्याप्रमाणे जोडून दिली. मामा खूश! मग त्याने डॅशबोर्डवर डाव्या सीटसमोर गेलेली एक सरळ बारीक चीर दाखवली. एका गॅरेजवाल्याने त्याला पुटी भरून, घासून, रंग मारून देतो असं सांगितलं होतं.

"अगं, एवढीशी चीर. तुझ्या त्या लापशीने बुजव की."

"मामा, इथे मी काही भरणार नाही आणि तूही कोणाला भरू देऊ नकोस. याच्या खाली एअरबॅग आहे."

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. पुढच्या प्रवाशाची एअरबॅग १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलांना आणि ३१ डिसेंबर २०२१ पासून आधीच्या मॉडेलांनाही. त्याआधीच्याही कित्येक गाड्यांत ती होतीच. पुष्कळ गाड्यांत प्रवाशाच्या एअरबॅगचं झाकण वेगळं दिसतही नाही. डॅशबोर्डचं प्लास्टिक आतून ठरावीक रेषेवर मुद्दाम पातळ केलेलं असतं. अपघात झाला की त्या रेषेवर ते फाटतं आणि पिशवी बाहेर येते. पिशवी फुगायला लागणारा वेळ सेकंदाच्या साधारण तिसाव्या भागाएवढा. त्या रेषेवर पुटी, जाळी किंवा इपॉक्सी भरली तर झाकण उशिरा उघडेल, भलतीकडे फाटेल, किंवा कडक पुटीचे तुकडे थेट समोरच्या माणसाच्या तोंडावर उडतील. मामाच्या गाडीत त्या सीटवर माझी नववीतली मामेबहीण बसते.

मामा थोडा कुरकुरला, कारण तो अख्खा भाग महाग आहे. पण त्याने अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवून तो बदलून घेतला. बदलून येईपर्यंत ताई मागच्या सीटवर, बेल्ट लावून.

तेव्हा ही यादी कापून ठेवा. 'एअरबॅग' किंवा 'एसआरएस' लिहिलेला कुठलाही भाग, स्टिअरिंगच्या मधली गादी, आणि प्रवाशासमोरचा डॅशबोर्ड यांच्यावर जोडकाम करायचं नाही. पडद्यासारखी एअरबॅग असलेल्या गाड्यांत काचेच्या बाजूच्या खांबावरची ट्रिमही यातच येते. तिच्या क्लिप पिशवी फुगताना ट्रिमला धरून ठेवण्यासाठी खास बनवलेल्या असतात. अनेक गाड्यांत त्या एकदा काढल्या की नव्याच घालाव्या लागतात. सीट बेल्टच्या जवळचं आणि पेडलजवळ लोंबणारं काहीही गोंदाच्या भरवशावर सोडू नका. सुटलेलं पॅनेल ब्रेकच्या पेडलखाली अडकणं ही खडखडाटाएवढी साधी गोष्ट नाही. आणि वायरिंगजवळ खडखड थांबवायला साधा स्पंज कोंबू नका. कारच्या आतल्या सामानाला आगीचे नियम असतात. अमेरिकन नियमानुसार ते मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने जळता कामा नये. गादीतल्या स्पंजाने अशी कुठलीच परीक्षा दिलेली नसते.

जाता जाता

पहिला प्रयोग कोणाच्याही चालू गाडीवर करू नका. भंगारवाल्याकडून दोन-चार मोडके पॅनेल आणा. त्यांची पाठ वाचा, एका एबीएसवर लापशी आणि एका पीपीवर जाळी करून बघा. दुसऱ्या दिवशी तुकडे दुपारच्या उन्हात तापवा आणि हाताने मोडायचा प्रयत्न करा. जोडाच्या शेजारचं प्लास्टिक आधी मोडलं तर तुमचं काम पास. जोडच सुटला तर कडा नीट धुतल्या होत्या का, प्लास्टिक एकाच जातीचं होतं का, पुरेसा वेळ दिला होता का, ते तपासा. वर्कशॉपमध्ये हॉट एअर गन वापरायची तर सरांची परवानगी घ्या आणि खिडक्या उघड्या ठेवा.

एवढं जमलं की मग खुशाल स्टाफ पार्किंगमध्ये जा आणि ज्या सरांचा ग्लोव्ह बॉक्स रबरबँडवर टिकून आहे त्यांना विचारा. इंटर्नल मार्कांची मात्र हमी नाही!